दोन भोकांची पेटी

सर्व्हे कॅम्प, ओमान
१२ एप्रिल १९९९

ती. बाबा,
सप्रेम जयभीम. आईलाही माझा जयभीम सांगा.

हे पत्र आणि सोबतचं पुठ्ठ्याचं खोकं आदेश आणून देईल. तो आसनगावचा, इथे माझ्याबरोबर फिटर आहे आणि रजेवर घरी निघालाय. खोकं आडवं टाकू नका, आत काच आहे.

पौर्णिमाने खर्डीहून कळवलं की ज्या जीपवर तुम्ही एकवीस वर्षं सरकारी खात्याची ड्रायव्हरी केलीत, तीच तुम्ही लिलावात घेतलीत आणि आता मागे झोपायची खोली करून तिला रानात राहण्याजोगी करताय. बहिणीकडून कळण्याऐवजी तुमच्याकडून कळलं असतं तर मला जास्त आनंद झाला असता. असो. राग धरायला मी फार लांब आहे.

इथे आमच्या गाड्या आठ-आठ दिवस वाळवंटात असतात. जमिनीखालचं तेल शोधणारी माणसं त्यातच झोपतात, त्यातच दिवे लावतात. टपावर सोलरची काच असते, ती उन्हावर वीज करते आणि दिवसभर मागच्या बॅटरीत भरते. एका काचेचा कोपरा तडकला म्हणून साहेबाने ती मोडीत काढली. वीज ती पूर्ण देते. मी मागून घेतली, तीच पाठवतोय. एक ट्यूब आणि एक छोटा पंखा आरामात चालेल.

आता नीट वाचा. जीपच्या स्वतःच्या बॅटरीला हात लावू नका, दिव्या-पंख्याला दुसरी घ्या. ती झोपायच्या फळीखालीच बसवावी लागेल, म्हणून तिला लाकडाची बंद पेटी करा आणि पेटीला दोन भोकं ठेवा, एक तळाशी आणि एक वर, दोन्ही गाडीबाहेर उघडणारी. बॅटरी भरताना तिच्यातून वायू निघतो. तो दिसत नाही, पण कोंडला आणि ठिणगी मिळाली तर फुटतो. खोक्यात एक काळी डबीही आहे, ती काच आणि बॅटरीच्या मध्ये जोडायची. बॅटरी भरली की डबी वीज तोडते.

आणि बॅटरीतलं अ‍ॅसिड अंगावर उडालं तर फडक्याने पुसत बसू नका, मलम शोधू नका. पाणी ओता, अर्धा तास ओतत राहा. डोळ्यात गेलं तर डोळा बोटांनी उघडा धरून ओता. इथे रोज सकाळी आम्हाला हे एका सुरात म्हणायला लावतात, पाणी, पाणी आणि पाणी. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

तुमचा,
महेंद्र


ता. मुरबाड, जि. ठाणे
९ मे १९९९

चि. महेंद्र यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

खोकं पोचलं. काच शाबूत आहे. आदेशने ती शहापूरपासून एसटीत मांडीवर धरून आणली. तुझ्या आईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

उंटावरून शेळ्या हाकणं हे मी आजवर नुसतं ऐकलं होतं. आता माझा मुलगा खरोखरच उंटांच्या मुलखात बसून मुरबाडच्या शेळ्या हाकतोय. बाबा रे, एकवीस वर्षं मी ही जीप नाणेघाटाच्या पायथ्यापासून खर्डीच्या रानापर्यंत चालवली. चिखलात पुढचा गिअर कधी टाकायचा हे साहेब मला विचारायचे, मी साहेबांना नाही. बॅटरी मला नवीन नाही.

काम झकास चाललंय. मागची ताडपत्री काढून कोंडू सुताराने सागाच्या चौकटीवर पत्र्याची खोली बसवली. उभं राहता येत नाही, पण दोन माणसं पाय लांब करून झोपतील. वजन वाढलं म्हणून मागच्या चाकांच्या स्प्रिंगांना, त्या कमानींना, एकेक पाटा वाढवला. झोपायची फळी उचलली की खाली बॅटरीची पेटी. भोकंही पाडली, दोन. खूश?

हे सगळं कशासाठी, असं पौर्णिमाने विचारलं, म्हणजे तू विचारायला लावलंस. मुंबईची पोरं शनिवार-रविवार गोरखगडाला, सिद्धगडाला येतात आणि ओल्यात झोपून आजारी पडून जातात. त्यांना गाडी देईन, गाडीबरोबर म्हातारा ड्रायव्हरही देईन. रिकामा बसलो की मला माझाच कंटाळा येतो.

तुझं पत्र तुझ्या आईला, गोजाला वाचून दाखवलं. ‘पाणी, पाणी आणि पाणी’ वाचताना मी हसलो. ती हसली नाही. ‘पुना वाचा ते,’ म्हणाली. दोनदा वाचायला लावलं. या बाईला कशाची भीती वाटेल सांगता येत नाही.

तुझा बाप,
बाळाराम


सर्व्हे कॅम्प, ओमान
६ जून १९९९

ती. बाबा,
सप्रेम जयभीम.

आमचं टपाल पंधरा दिवसांनी पाण्याच्या ट्रकबरोबर येतं. तुमचं पत्र ड्रायव्हरच्या हातातच फोडलं. पेटीला भोकं पाडलीत हे वाचून जीव भांड्यात पडला. डबी जोडली की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. तेवढं कळवा. शेळ्या हाकतोय म्हणा हवं तर, पण कळवा.

एक गोष्ट लिहायची राहून गेलीय. मी खात्यात चिकटावं, तुमच्यामागे ती जीप चालवावी असं तुम्हाला वाटत होतं, आणि मी पासपोर्ट काढून आणला. निघताना तुम्ही अंगणात जीप धूत होतात, वर पाहिलंही नाहीत. दोन वर्षं झाली. त्याबद्दल आपण दोघं लिहीत नाही, पाट्यांबद्दल आणि वायरींबद्दल लिहितो. मला तेही चालतं. तुमच्या कोणत्याही पत्राची मी वाट पाहतो.

तुमचा,
महेंद्र


ता. मुरबाड
१९ ऑगस्ट १९९९

चि. महेंद्र यास आशीर्वाद व जयभीम.

पत्राला उशीर झाला. लावणी होती, मग पाऊस इतका की पोस्टमन चार-चार दिवस येत नव्हता. पाड्याजवळच्या दुकानातला फोनही महिनाभर मेलेला आहे.

तुझ्या त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल एवढंच लिहितो, मी वर पाहिलं नाही कारण पाहिलं असतं तर तुला जाऊ दिलं नसतं. आता तो विषय संपला.

जीप तयार आहे. तू पाहशील तर थक्क होशील. पण तुझं ओमान इथे चालत नाही, हे आधी समजून घे. तुझ्याकडे पाऊस नाही. आमच्याकडे तो आभाळातून पडत नाही, आडवा येतो. खालच्या भोकातून पाणी येऊन पेटी ओली व्हायला लागली. म्हणून दोन्ही भोकं डांबराने बंद केली, आणि दरसाल घराच्या भिंतींना बांधतो तशा गवताच्या झडपा जीपच्या दोन्ही अंगांना बांधल्या. आता मुंगी आत जाणार नाही. लोक पाहायला येतात.

तुझी काळी डबी मात्र फसवी निघाली. मध्ये तीन दिवस ऊन पडलं तर भर दुपारी, वीज भरपूर मिळायची तेव्हाच, ती बंद करून बसायची. ऐन सुगीत सुट्टी घेणारा गडी काय कामाचा? काढून ट्रंकेत टाकली आणि काच थेट बॅटरीला जोडली. आता बॅटरी अशी भरते की पेटीला कान लावला तर भात शिजताना रटरटतो तसा आवाज येतो. गोजा म्हणते, आत उग्र वास येतो. तो डांबराचा आहे, जाईल. परवा दुपारी मी आत झोपून पाहिलं. डोळे चुरचुरले आणि ठसका लागला, पण झोप छान लागली.

आता खरी गोष्ट सांगतो. मुंबईची पोरं हे सांगायला होतं. तुझ्या जन्माआधी भातसा धरणाचं काम चाललं होतं, तेव्हा तुझ्या आईने त्या कामावर दोन वर्षं डोक्यावरून माती वाहिली. पुढे मी त्याच धरणावर याच जीपमधून साहेबांना कितीदा नेलं. ती कधी या जीपमध्ये बसली नाही, खात्याच्या गाडीत बायको बसवायची नाही असा माझा नेम होता. तिने पाण्याने भरलेलं धरण आजपर्यंत पाहिलेलं नाही. मागच्या वर्षी एकदा सहज म्हणाली, ‘मी टाकलेली माती पान्याखाली कशी दिसत असंल?’ ते मला लागलं. म्हणून हा सगळा खटाटोप.

तेवीस सप्टेंबरला निघतो. दोन रात्री पाण्याकाठी राहायचं. स्टोव्ह बरोबर घेतोय, पाऊस आलाच तर दार लावून आतच भाकरी थापता येईल. गोजाने नेसायचं लुगडं काढून ठेवलंय.

तुझा बाप,
बाळाराम


सर्व्हे कॅम्प, ओमान
४ सप्टेंबर १९९९

ती. बाबा,

तुमचं पत्र आत्ता एक वाजता मिळालं. ट्रक दोन वाजता परत जाणार आहे, म्हणून उभ्यानेच लिहितोय.

जाऊ नका. आत झोपू नका. आत स्टोव्ह पेटवू नका. जीपच्या आसपास बिडी ओढू नका, काडी पेटवू नका. ही चार वाक्यं आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मग पुढचं वाचा.

तो वास डांबराचा नाही. डबी बिघडलेली नाही. बॅटरी भरल्यावर वीज तोडणं हेच तिचं काम आहे, ती सुट्टी घेत नव्हती. तुम्ही ती काढलीत म्हणून बॅटरी भरल्यावरही वीज आत जात राहते आणि बॅटरी उकळते. तुम्ही ऐकलात तो रटरट आवाज त्या वायूचा. त्याला बाहेर जायला जी दोन भोकं होती ती तुम्ही बंद केलीत, वरून झडप बांधलीत. म्हणजे आईच्या अंथरुणाखाली तुम्ही सुरुंग ठेवलाय, बाबा. मला दुसरा शब्द सुचत नाही.

ढग आहेत तोवर बरं आहे. ऊन पडलं की जास्त वायू भरणार. लहानपणी भाद्रपदात भातासाठी ऊन पडावं म्हणून तुम्ही आभाळाकडे पाहत बसायचात, मी आज इथे बसून पाऊस थांबू नये म्हणतोय.

असं करा. जीप उन्हातून बाजूला घ्या, काचेवर घोंगडी टाका. झडपा सोडा, खोलीचं दार उघडून एक दिवस तशीच राहू द्या. मगच पेटीजवळ जा, आणि जाताना तोंडात बिडी नको. तुमची बिडी तुमच्या लक्षातही नसते म्हणून परत लिहितो.

पत्राला दोन आठवडे लागतात. म्हणून ट्रकच्या ड्रायव्हरकडे तारेचे पैसे आणि मजकूर देतोय. तो उद्या शहरात पोचेल. त्याला मराठी नाही, मला धड इंग्रजी नाही आणि तो हॉर्न वाजवतोय. तार आधी पोचेल. तारेत लिहिलंय तेवढं लगेच करा.

महेंद्र


सर्व्हे कॅम्प, ओमान
१८ सप्टेंबर १९९९

ती. बाबा, आई,

आज ट्रक आला, तुमचं पत्र नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, तार पाच तारखेलाच गेली. त्याने पावती दिली, ती माझ्या खिशात आहे.

गेले चौदा दिवस मी एकच गोष्ट करतोय, तो मजकूर परत परत आठवतोय. ‘बॅटरीची पेटी ताबडतोब उघडा, आत झोपू नका, महेंद्र.’ एवढाच. त्या वेळी ते पुरेसं वाटलं. रात्री अंथरुणावर पडलो आणि लक्षात आलं की मी बिडीचं लिहिलंच नाही. झडपा सोडून एक दिवस थांबा, हेही नाही. सगळं पत्रात लिहिलं आणि पत्र मागून चालत येतंय. तुम्हाला मी पेटी उघडायला सांगितली, आणि ती कशी उघडायची ते सांगितलं नाही.

इथे रेडिओवर मुंबईकडचं हवामान लागतं. आठवडाभर तिकडे ऊन आहे म्हणाले. त्यानंतर मी रेडिओ लावला नाही.

तुम्ही मला शिव्या घालणारं पत्र लिहा. दोन ओळी चालतील. तुमचं अक्षर दिसलं की मला पुरे.

महेंद्र


खर्डी
२४ सप्टेंबर १९९९

बाळ महेंद्र,

हे तुझ्या आयेचं पत्र हाय. पाकिटावर अक्षर वळखीचं नाय म्हनून घाबरू नको. बाबा जिते हायत, हितंच माझ्या बाजूला बसलेत. पौर्णिमा मला लिहून देते बोलली, मी नाय बोलले. ती शाळेत होती तवा तिच्या पाटीवर मी शिकले ते तुला म्हाईत नव्हतं. बाबांना पन म्हाईत नव्हतं.

बाबांचा उजवा हात बांधलाय. आमी पौर्णिमाकडं खर्डीला हाव. सगलं सांगते.

नऊ तारखेला, गुरवारी सकालची तार आली. पाच दिस कडक ऊन होतं. तारवाला सायकल टाकून अंगनात आला तर बाबांनी त्याच्या हातात तार पायली आनि खालीच बसले. आपल्याकडं तार कशाला येते तुला ठावं हाय. मी चुलीजवल होते, तशीच धावत भायेर आले. मंग तारवाल्यानं इंग्रजी वाचून सांगितलं की बॅटरीची पेटी उघडा असं तुमचा मुलगा बोलतो.

बाबा हसायला लागले. डोल्यातून पानी आनि हसतात. बोलले, गोजा, पोरगा जिता हाय, आनि तिथून पन शेल्याच हाकतोय. त्याचं आइकू या एकदा. बोलले आनि बिडी पेटवली. सकालधरनं पयली. तशीच तोंडात धरून जीपमधी शिरले, फली उचलली, पेटीचं झाकन काढलं.

आवाज झाला तो शेजारच्या पाड्यावर आइकला. झाकन पत्र्याला लागून पत्रा बाहेर आला. बाबा दारातून मागं अंगनात पडले. तोंडावर, हातावर बॅटरीतलं पानी. आंग चोलत होते आनि डोले गच्च मिटलेले. लोक धावले. कोन बोलतं तेल लावा, कोन बोलतं हलद लावा, एकीनं तर हलद आनली पन. मी कोनाला हात लावू दिला नाय.

तू लिवलं होतंस ते मी दोनदा आइकलं होतं. पागोल्यांखाली पिंप भरलेलं होतं. मी बाबांना मानेला धरून पिंपाशी नेलं, डोला बोटांनी उघडा धरला आनि तांब्यानं वतत रायले. ते शिव्या देत होते, हात झाडत होते. इतक्या वर्सांत मी त्यांना कदी असं दाबून धरलं नव्हतं. पिंप सरलं तवा कोंडूच्या घरचे हंडे आले. त्यांना न्यायला दुसऱ्याची जीप येईस्तवर मी वतायची थांबले नाय. मंग शहापूरला नेलं.

डाक्तर बोलला, उजवा डोला चांगला हाय. डाव्यानं धुरकट दिसतं, तो पन हलूहलू येईल. भुवया गेल्या. डाव्या कानात सारखी शिट्टी वाजते. डाक्तरनं मला इचारलं, बाई, डोला उघडा धरून पानी वतायचं तुमाला कोनी शिकवलं? मी बोलले, माझ्या मुलानं, ओमानवरनं.

तुझं मोठं पत्र तारेच्या मागून दहा दिसांनी आलं. पौर्णिमानं वाचलं. बिडीचं आलं तवा बाबांनी तिला थांबवलं. मंग बोलले, पुना वाच. तिनं दोनदा वाचलं.

आता मी सांगते ते आइक, मनाला लावून घेशील म्हनून सांगते. तार नसती आली तर तेवीसला आमी दोगं धरनावर असतो. दार लावून मी आत ष्टोव पेटवला असता. तिथं पिंप नव्हतं, कोंडू नव्हता. मी हिशेब केलाय त्याचा. तू पन तोच हिशेब कर, दुसरा करू नको.

लुगडं परत ट्रंकेत ठेवलं. तिथं ती काली डबी गावली, ती हितं आनून बाबांच्या उशाशी ठेवलीय. खाली बाबा काय लिवतात ते मी बगितलं नाय. कागद मागतात म्हनून देते.

तुझी आये,
गोजाबाई


महेंद्र,
डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. भोकं केवढी पाडायची, जमिनीपासून किती उंचीवर, आणि आडवा पाऊस आत येऊ नये म्हणून काय करायचं, ते सगळं मापासकट लिही. चित्र काढ. डबीच्या कुठल्या वायरीला काय लावायचं तेही. मी समोर बसून शिकतोय असं समजून लिही.
बिडी सोडली. गोजाला धरण दाखवायचंय.
बाळाराम